कान सोडून सावळी

शनिवारी रात्री अकराला भाचीचा मेसेज आला. कुठून तरी आलेला मजकूर तिने पुढे ढकलला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘मामा, याचा अर्थ सांग. तू भाषेवर लिहितोस ना?’ मजकूर सिनेमाच्या ऑडिशनचा होता. फीमेल लीड. वय १८ ते २२. ऊसतोड कामगाराची मुलगी. अस्सल ग्रामीण चेहरा. स्किन क्लिअर, दात सरळ, केस लांब. रंग : उजळ सावळा.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. उजळ सावळा.

मराठीला हे नवीन नाही म्हणा. आपल्याकडे ओला दुष्काळ पडतो, बिनपगारी फुल अधिकारी असतात, मागण्या तत्त्वतः मान्य होतात. एकमेकांचं तोंड न बघणारे शब्द एका सतरंजीवर बसवण्यात आपला हातखंडा आहे. तरीही उजळ सावळा म्हणजे नेमकं काय, हे मी त्या रात्री साडेबारापर्यंत शोधत होतो. खिडकीतून बाहेर पाहिलं, तर अंधार होता. उजळ अंधार नव्हता, नुसताच होता.

लग्नाच्या जाहिरातींनी ही वाट आधीच मळून ठेवलेली आहे. गोरी, निमगोरी, गव्हाळ, नाकीडोळी नीटस. यातल्या गव्हाळवर माझा जुना राग आहे. कुठला गहू? लोकवन, सिहोर की खपली? सालासकट की चाळलेला? माझी बहीण बीड जिल्ह्यात दिलेली आहे. तिथल्या पिढ्यान् पिढ्या ज्वारीवर जगल्या, पण रंग विचारला की उत्तर गव्हात. ‘ज्वाराळ’ वधू अजून कुणी जाहिरातीत पाहिलेली नाही आणि ‘बाजराळ’ म्हटलं तर ठरलेलं लग्न मोडेल. भाचीने मला एकदा फाउंडेशनच्या छटांचं कार्ड दाखवलं होतं. गोऱ्या टोकाला हस्तिदंत, पोर्सिलेन, शिंपला. तिथून सावळ्या टोकाकडे सरकलं की बदाम, अक्रोड, कॅरमेल, मोका, चॉकलेट. म्हणजे गोरी कातडी शोकेसमध्ये ठेवायची आणि काळी चहाबरोबर खायची.

भाची अंबाजोगाईची. रंग तिच्या आईचा, म्हणजे माझा, म्हणजे आमच्या आईचा. त्याला आमच्या घरात नाव नाही, कारण वर्णन करायची वेळच कधी आली नाही. (स्थळं यायला लागेपर्यंत.) पुण्यात कॉलेज करता करता तिने एकांकिका केल्या, अभिनयाची चार बक्षिसं आणली आणि आमच्या शोकेसमध्ये जागा नाही म्हणून एका कपात आता लसूण ठेवलेला आहे. एका एकांकिकेत ती सत्तर वर्षांची म्हातारी झाली होती, दुसरीत दहा वर्षांचा मुलगा. तेव्हा तिचा रंग कुणाला दिसला नव्हता. मग ती अंधेरीला गेली.

अंधेरीत दोन खोल्यांत पाच जणी. आरसा एक, रिंगलाइट तीन. फ्रिज उघडला तर खायचं म्हणून अर्धं लिंबू, बाकी सगळं तोंडाला लावायचं. आणि ते लिंबूही शेवटी तोंडालाच लागलं. एकीला कुणीतरी सांगितलं होतं की तुझी डावी बाजू चांगली आहे. तेव्हापासून ती भाजीवाल्याशीही डाव्या बाजूने बोलते. दुसरी हसताना ओठ मिटून घेते, कारण हिरड्या दिसतात. विनोदी मालिकेत काम शोधते आहे. शेजारच्या फ्लॅटमध्ये मुलगे आहेत, त्यांचं काही वेगळं नाही. ते जबड्याला कोन यावा म्हणून रबराचा गोळा चघळत बसतात, रवंथ करणाऱ्या बैलासारखे, आणि शर्ट काढायचा सीन असला की आदल्या दिवसापासून पाणी तोडतात. आमच्या आजीची निर्जळी एकादशी निदान पांडुरंगासाठी तरी होती. त्या पांडुरंगालाच काय ती या महाराष्ट्रात सावळं राहायची मुभा आहे, कारण त्याला ऑडिशन द्यावी लागत नाही. द्रौपदीचं एक नाव कृष्णा, म्हणजे काळी. ती पडद्यावर आली की दुधाने धुतलेली असते. कृष्णाचं काय करायचं हे न सुचल्यामुळे त्याला निळा केला. निळा चालतो. फक्त माणसांना असतो तो रंग चालत नाही.

तर भाची ऑडिशनला गेली. तीन पानांचा प्रवेश होता. मुकादम बापाला शिव्या देतोय आणि मुलगी मध्ये पडते. तिने एका दमात केला. कास्टिंगवाला मुलगा, वय असेल चोवीस, टोपी उलटी, शेवटी गप्प झाला. डोळे पुसले म्हणे त्याने. मग म्हणाला, “तू खूपच ऑथेंटिक आहेस.”

ही खूश.

“एवढं ऑथेंटिक नकोय.”

पुढचे तीन आठवडे तिला ‘होल्डवर’ ठेवलं. होल्डवर म्हणजे नाही म्हणायला लाज वाटते म्हणून केलेली सोय. त्या तीन आठवड्यांत या मुलीने, जी आमच्या गच्चीवर भर मे महिन्यात कुरडया वाळत घालायची, दुपारी घराबाहेर पडणं सोडलं. एकदा फोनवर मध्येच विचारलं, “मामा, मी लहानपणापासून एवढीच होते का रे?” मला आधी कळलंच नाही. उंचीबद्दल विचारतेय असं वाटलं, म्हणून मी म्हटलं, “नाही गं, दहावीनंतर वाढलीस.” पलीकडे बराच वेळ शांतता.

कारण विचारलं की ही मंडळी लाइटिंगचं सांगतात. सावळा चेहरा कॅमेऱ्यात ‘बसत’ नाही, ‘उठत’ नाही. आमच्या सोसायटीत एक निवृत्त लाइटमन राहतात. आयुष्य कॅटवॉकवर आणि स्टॅण्डखाली गेलं, आता गुडघ्याला पट्टा बांधून खाली बाकावर बसतात. त्यांना विचारलं. म्हणाले, “साहेब, अर्धा-पाऊण स्टॉप उघडायचा. नाहीतर एक थर्माकोल जवळ आणायचा. अजून काय?” म्हणजे एका मुलीचं करिअर आणि थर्माकोलची एक शीट, यात शीट उचलायचा कंटाळा जास्त झाला. पूर्वी निदान कारण तरी होतं. संगीत नाटकं गॅसबत्तीच्या उजेडात रात्ररात्र चालायची, शेवटच्या रांगेतल्या माणसाला नायिकेचं नाक दिसावं म्हणून तोंडाला सफेदा आणि पिवडी थापायची, गालाला हिंगूळ. आता कॅमेरा मेणबत्तीच्या उजेडात पापणीचा केस मोजतो, पण सफेद्याची सवय सुटत नाही.

आणि हिंगूळ म्हणजे काय, तर पारा आणि गंधक. गॅसबत्ती गेली, पारा राहिला. त्या पाच जणींतल्या एकीच्या उशाखाली एक डबी निघाली. वर घटकांची यादी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, नुसतं एका चंद्राचं चित्र. चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. चुकून शिरलाच तर दहा लाख भागांत एक भाग, याहून जास्त नको. डबीवाल्या चंद्राला कायदा वाचता येत नाही. पारा कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंड गाठतो. तिथेही तो म्हणे काहीतरी उजळ करत असेल. दुसरीकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं ज्यावर छापलंय ती स्टेरॉइडची ट्यूब होती. औषधवाल्याने ती सुट्या पैशांऐवजी गोळी द्यावी इतक्या सहज दिली होती. आठ दिवस चेहरा चकाकतो, मग कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते आणि बटाट्याला कोंब यावेत तशा पुटकुळ्या येतात. ‘स्किन क्लिअर’ ही अट मात्र मेसेजमध्ये कायम.

शेवटी मुलगी ठरली. कोण ते सांगायची गरज नाही, तुम्ही ओळखलंच आहे. गोरी. ऊन लागलं की गुलाबी होणारी. तिचा यात काही दोष नाही. तीही बावीस वर्षांची आहे आणि तिला ‘गाल बाळासारखे आहेत, काहीतरी कर’ असं सांगितलेलं असल्यामुळे ती दीड महिना उकडलेल्या दुधीवर होती. तर या मुलीला सावळी करायचं ठरलं. आता प्रश्न आला, किती सावळी? मेकअपदादा अनुभवी. त्यांनी विचारलं, “साहेब, रेफरन्स काय?” साहेबांनी विचार केला आणि म्हणाले, ती होल्डवरची मुलगी आहे ना, तिला बोलवा.

होय. माझ्या भाचीला शूटिंगला बोलावलं. सातारच्या बाजूला, उसाच्या फडात, चार दिवस, गर्दीत उभं राहायला. सकाळी सहाला तिला मेकअपच्या गाडीत बसवायचे, तिचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर ठेवायचे आणि दादा त्या हाताशेजारी स्पंजावरचा रंग धरून नायिकेच्या गालाला लावायचे. कापडाच्या दुकानात मॅचिंग ब्लाउजपीस काढतात ना, तसं. जुळला की दिग्दर्शक डोकावून म्हणायचे, “एवढा नको. याच्यापेक्षा दोन शेड वर.” उजळ सावळ्याचा अर्थ मला तेव्हा कळला. उजळ सावळा म्हणजे माझी भाची वजा दोन.

आता कानांची गोष्ट. पहिल्या दिवशी दादांनी चेहरा केला, मान केली, गळा केला, हात कोपराच्या वरपर्यंत केले, पाय चपलेच्या पट्ट्याच्या आतूनसुद्धा केले. पावणेदोन तास गेले. कान राहिले. फडात पहिला शॉट लागला, मुलगी मोळी डोक्यावर घेऊन सूर्याकडे पाठ करून उभी राहिली आणि उन्हं तिच्या कानांतून आरपार आली. उसाच्या हिरव्यागार फडात, काळ्यासावळ्या चेहऱ्याच्या दोन बाजूंना दोन गुलाबी दिवे. मॉनिटरवर आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे तिच्या गालांकडे बघत होते. मग कुणीतरी ओरडलं, “कान!” ध्वनिमुद्रण करणाऱ्याला वाटलं त्याला बोलावतायत. दादा स्पंज घेऊन धावले. कान रंगवले, तर पाच मिनिटांत घामाने रंग ओघळून कानातल्या कुड्यांमध्ये गेला, कुड्या काळ्या पडल्या, म्हणून त्या काढल्या, तर भोकांभोवती गुलाबी कडी उरली. पुन्हा रंग. दुसऱ्या दिवशी डावा कान उजव्यापेक्षा अर्धी शेड वर होता, म्हणून उजव्या बाजूचे सगळे शॉट पुढे ढकलले. तिसऱ्या दिवशी कानांचा रंग जमला, पण ऊन लागून आतून कान लाल झाले आणि काळ्यावर लाल मिळून वांग्याचा रंग आला, भरताच्या वांग्याचा. निर्मात्याने हिशेब मांडला की कानांपायी दिवसाला तीन तास जातायत. पोस्टमध्ये काढता येईल का, अशी चर्चा झाली. काय काढता येईल, कान? कुणीतरी गंभीरपणे म्हणालं, फ्रेम दर फ्रेम कान सावळे करायला अमुक खर्च येईल. त्या सगळ्या वेळेत जिच्या कानांना जन्मतःच चेहऱ्याचा रंग आहे अशी एक मुलगी, चार बक्षिसांची, तीन पानं तोंडपाठ असलेली, सहा फुटांवर डावा हात पुढे करून बसली होती. ती कुणाच्या डोळ्यांत आली नाही. ती रेफरन्स होती.

चौथ्या दिवशी तोडगा निघाला. डोक्याला फडकं गुंडाळा, कान झाकले जातील. गुंडाळलं. आणि गर्दीत खऱ्या ऊसतोडणीच्या ज्या बायका रोजावर आणल्या होत्या, त्यांतली एक म्हणाली, “आत्ता कसं! उघड्या टकुऱ्यानं कोन ऊस तोडतं व्हय?” फडात बायका डोक्याला फडकं बांधतात, लुगड्यावर नवऱ्याचा शर्ट चढवतात, कारण उसाचं पान ब्लेडसारखं कापतं. संहितेवर आठ महिने संशोधन झालं होतं म्हणे. त्यात शर्ट नव्हता, फडकं नव्हतं. अस्सलपणा सापडला तो कानांमुळे. शर्टाला मात्र दिग्दर्शकांनी नकार दिला. फिगर जाते.

इथे मला विनोद सुचेनासा होतो. दसऱ्याच्या सुमारास बीडकडची गावं रिकामी होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. माणसांना हत्याराच्या नावाने मोजतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडता फेडता पुढच्या वर्षीची उचल चढते. एक दिवस कामाला गेलं नाही की ‘खाडा’, म्हणजे दंड. पाळी आली, पोटात दुखलं, खाडा. खाडा नको म्हणून ऐन तिशीतल्या बायकांनी गर्भपिशव्या काढून टाकल्या. २०१९ साली याच्या बातम्या देशभर गेल्या, चौकशी समिती नेमली, आणि आता आपण त्यावर सिनेमा काढतो आहोत. उत्तम. पटकथेत नायिकेच्या आईचं ते ऑपरेशन होतं. दोन ओळी होत्या. दुसऱ्या खर्ड्यात ‘डिप्रेसिंग होतंय’ म्हणून त्या काढल्या. म्हणजे त्या बाईची पिशवी दोनदा काढली, एकदा डॉक्टरने, एकदा पटकथाकाराने. बाईच्या शरीराचं काय होतं ते दाखवायचं नाही, पण त्या शरीराचा रंग हवा, आणि तोही दोन शेड वर! कोयत्याचा घट्टा नको, भेगा नकोत, उन्हाने पिंगट झालेले केस नकोत, दात सरळ. मग ऊस तरी कशाला? उभी करा तिला गुलाबाच्या ताटव्यात.

भाचीला चार दिवसांचे पैसे कधी मिळणार, हेही विचारून घेतलं. नव्वद दिवसांनी. या धंद्यात नव्वद दिवसांनीच असतात. मुकादम चोर असला तरी पैसे आधी देतो हो.

असो. माझं खरं दुखणं वेगळंच आहे आणि या सदराचे जुने वाचक ते ओळखून आहेत. ळ. सिनेमातला मोठा प्रवेश असा आहे की नायिका मुकादमासमोर उभी राहते आणि म्हणते, “मी काळी हाय, काळ्या मातीतली हाय, काळजावर घाव घालू नगं.” एका वाक्यात तीन ळ. लिहिणाऱ्याला माझे दंडवत. त्या गोड मुलीने हे वाक्य सत्तावीस वेळा म्हटलं आणि सत्तावीस वेळा ती काली होती, काल्या मातीतली होती आणि घाव कालजावर पडत होता. सावळी मुलगी स्वतःला ‘सावली’ म्हणत होती. कातडीची शेड जुळवायला पावणेदोन तास, जिभेची जुळवायला दोन मिनिटं कुणी दिली नाहीत. स्किन, दात, केस, रंग, सगळ्याचे रकाने त्या मेसेजात होते. ‘ळ म्हणता येणे आवश्यक’ हा रकाना आजवर एकाही ऑडिशनमध्ये मी पाहिलेला नाही. जीभ तोंडाच्या आत असते, फोटोत येत नाही, हे तिचं दुर्दैव. कधीकाळी मराठी नाटकात प्रेक्षक उच्चार चुकला की खालून ओरडायचे. आता प्रेक्षकच ‘पोली’ खातात आणि ‘केली’ विकत घेतात. एक दिवस हे अक्षर वर्णमालेतून गळून पडेल, गलून पडेल, आणि आपण त्याची शोकसभा टिलक रोडवर घेऊ.

म्हणून गेल्या आठवड्यात भाचीला परत फोन आला. डबिंगसाठी. नायिकेचा पूर्ण आवाज तिचा. हात झाला, आता गळा. उरलेल्या भागांना कधी बोलावतात ते बघायचं. ती गेली. मीही गेलो, कारण मला ते तीन ळ कानांनी ऐकायचे होते. काळोखी खोली, काचेपलीकडे ती, कानांवर हेडफोन, समोर पडद्यावर फडकं बांधलेली नायिका. तिथे तिला कुणी डावी-उजवी बाजू विचारली नाही. ती वाकली, श्वास घेतला आणि म्हणाली, “मी काळी हाय.”

खोलीतल्या सगळ्यांच्या अंगावर काटा आला. तंत्रज्ञाने हात थांबवला. दिग्दर्शक खुर्चीवरून उठले, काचेशी गेले, माइकचं बटण दाबलं.

“फँटास्टिक. एकदम अस्सल. फक्त एक कर, थोडा ब्राइट घे.”

“ब्राइट म्हणजे, सर?”

“म्हणजे…” ते शब्द शोधत माझ्याकडे वळले. मी खाली बघितलं. मग त्यांना तो सापडला. “आवाज जरा उजळ कर.”